कोचिंग शैलीचं नेतृत्व: नागपुरातल्या सुपरवायझर, मॅनेजर आणि मालकांचे नेहमीचे प्रश्न

बुटीबोरी, हिंगणा, कळमेश्वरचे कारखाने, मिहानमधल्या आयटी कंपन्या, इतवारी-गांधीबागेतली होलसेल दुकानं, सिव्हिल लाइन्समधली कार्यालयं. माणसं सांभाळण्याचं काम सगळीकडेच आहे आणि सुपरवायझरांच्या प्रशिक्षणात प्रश्नही थोड्याफार फरकाने तेच येतात. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरांत काही भाग अभ्यासातून आलेला आहे, काही माझं मत आहे. मत आहे तिथे तसं म्हटलं आहे.

कोचिंग शैली म्हणजे नेमकं काय?

हाताखालचा माणूस अडचण घेऊन आला की उत्तर लगेच त्याच्या हातात न देता, ते त्यालाच सापडेल अशा रीतीने त्याच्याशी बोलणं. त्यासाठी नीट ऐकावं लागतं, विचार करायला लावणारे प्रश्न विचारावे लागतात, आणि जे ठरेल ते त्याच्याच हाती ठेवावं लागतं. ऐकणं आणि विचारणं सरावाने जमतं. हाती ठेवणं भल्याभल्यांना जड जातं. साहेबांनी प्रश्न छान विचारले, समोरच्याने विचार करून उत्तर दिलं, आणि मग साहेब म्हणाले, 'ते राहू दे, तू असं कर', की मुसळ केरात. पुढच्या वेळी तो माणूस कामाचा विचार करत नाही, साहेबांच्या मनात काय आहे याचा अंदाज बांधतो. माझ्या मते या शैलीची खरी परीक्षा एवढ्याच एका ठिकाणी होते.

प्रत्यक्ष कामावर हे कसं दिसतं?

नमकीन भरणाऱ्या पाउच मशीनवर सेकंड शिफ्टला सील लीक व्हायला लागतं. (फिल्मचं तोंड मशीनच्या गरम जबड्यांत, म्हणजे 'जॉ'मध्ये, दाबून सील होतं.) ऑपरेटर शिफ्ट इंचार्जकडे येतो.

'साहेब, पाउच लीक होऊन राहिले. मेंटेनन्सला बोलवा ना.'

'कधीपासून, भाऊ?'

'रोल बदलला तेव्हापासून. टेम्परेचर वाढवून पाहिलं मी.'

'मग?'

'थोडं कमी झालं, पण आता फिल्म आकसून राहिली.'

'अजून काय दिसलं?'

'जॉ पुसला की थोडा वेळ बरं चालते. मग पुन्हा सुरू.'

इंचार्ज इथे काहीच बोलत नाही. ऑपरेटरच पुढे बोलतो.

'चुरा अडकत असन सीलमध्ये. रोल लावताना माल पडायचं टायमिंग हाललं असन.'

'ते बघायला काय लागेल?'

'मशीन दहा मिनिटं थांबवा लागन.'

'थांबवा. टायमिंग तुम्हीच सेट करा आणि आठ वाजता मला सांगा काय झालं ते. नाही जमलं तर मेंटेनन्स आहेच.'

'जॉ पुसला की बरं चालते' हे ऐकताच इंचार्जच्या मनात चुऱ्याची शंका आली असणार. तरी तो गप्प राहिला, आणि त्या गप्प राहण्यात ऑपरेटरचं डोकं चाललं. शेवटच्या वाक्यात कामाचा मालक कोण, वेळ कोणती आणि फसलं तर आधार कोणाचा, हे तिन्ही आलं. 'मेंटेनन्स आहेच' हे शब्द गाळले असते तर त्याच बोलण्याला 'आता तुझं तू बघ' असा वास आला असता.

अख्खं बोलणं दीड-दोन मिनिटांचं आहे. कोचिंग म्हटलं की बंद केबिन, तासाभराची बैठक आणि फॉर्म डोळ्यांसमोर येतात, पण बहुतेक वेळा ते असं मशीनच्या आवाजात, उभ्या-उभ्या होतं.

ही कल्पना आली कुठून?

बरीचशी खेळाच्या मैदानावरून. अमेरिकेतले टेनिस प्रशिक्षक टिमोथी गॅलवे यांनी १९७४ मध्ये मांडलं की खेळाडूचा खेळ सूचनांच्या भडिमाराने बिघडतो. त्याचं लक्ष चेंडूवर नेलं की तो स्वतःच सुधारत जातो. हा विचार पुढे ब्रिटनमध्ये ऑफिसांत आणि कारखान्यांत आला. तिथे जॉन व्हिटमोर यांनी १९९२ पासून 'ग्रो' (GROW: Goal, Reality, Options, Will) ही बोलण्याची चौकट लोकप्रिय केली. तिचे चार टप्पे असे: काय साधायचं आहे, आत्ता परिस्थिती काय आहे, कोणते मार्ग आहेत, आणि त्यांतला कोणता तू घेणार, कधी. वरच्या संवादात हे चारही टप्पे आहेत, फक्त पाठ केल्यासारखे ओळीने आलेले नाहीत.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल गोलमन यांनी २००० साली नेतृत्वाच्या सहा शैली मांडल्या. हुकूम देणारी, दिशा दाखवणारी, आपुलकीची, सगळ्यांचं मत घेणारी, स्वतः पुढे पळून वेग ठरवणारी आणि सहावी कोचिंगची. त्यांच्या पाहणीत कोचिंग शैलीचा कामाच्या वातावरणावर चांगला परिणाम दिसला, आणि तरीही सहांमध्ये सगळ्यांत कमी वापरली जाणारी शैली हीच होती. कारण मॅनेजरांनीच सांगितलं, आणि तेच इथला पुढचा प्रश्न आहे.

एवढा वेळ कुठे आहे? टार्गेट डोक्यावर असतं.

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि तो खोटा नाही. डिस्पॅचची गाडी गेटवर उभी असताना कोणी 'तुला काय वाटतं?' विचारत बसू नये.

पण आठवडाभर एक गोष्ट लिहून ठेवा: तुमच्याकडे कोण कोण, कोणत्या प्रश्नासाठी आलं. बहुतेकांना यादीत तेच तेच प्रश्न दिसतात. अमुक पार्टीला उधारी द्यायची का, रिजेक्ट माल कुठे ठेवायचा, सुट्टीवर गेलेल्याच्या जागी कोणाला लावायचं. या प्रत्येकाचं उत्तर तुम्ही अर्ध्या मिनिटात देता, म्हणून वेळ वाचला असं वाटतं. प्रत्यक्षात तो प्रश्न पुढच्या आठवड्यात पुन्हा तुमच्याकडेच येणार आहे, आणि तुम्ही लग्नाला वर्ध्याला गेलात तर फोनवर येणार आहे.

म्हणून वेळ सगळ्याच प्रश्नांना देऊ नका. जो प्रश्न वारंवार येतो आणि ज्यात चूक झाली तरी भरून निघते, तोच कोचिंगसाठी निवडा. उधारीचं उदाहरण घ्या. मुलाला विचारा, 'या पार्टीचं मागचं येणं किती आहे? आधी किती दिवसांत पैसे आले? तू दुकानाचा मालक असतास तर किती माल सोडला असतास?' दोन-चारदा असं बोलणं झालं की तो स्वतः हिशोब मांडून येतो. तेव्हा त्याला ठरावीक रकमेपर्यंतचा निर्णय देऊन टाका आणि ती रक्कम स्पष्ट सांगा. मर्यादा न सांगता दिलेलं स्वातंत्र्य माणसाला घाबरवतं.

कुठे ही शैली वापरूच नये?

जिवाचा प्रश्न असेल तिथे. विजेच्या पॅनलवर काम, बॉयलर, क्रेनखालची हालचाल, बंद टाकीत उतरणं, कोळशाची खाण. इथे परमिट, लॉक आणि ठरलेली पद्धत असते. ती सांगायची, करून घ्यायची, तपासायची. 'सप्लाय बंद करावा असं तुला वाटतं का?' हा प्रश्न कोणी विचारू नये.

नागपूरचा मे महिनाही याच यादीत घ्या. पारा ४५ च्या वर जातो तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये किंवा साइटवर काम करणाऱ्याला गरगरलं, बोलणं अडखळलं, तर चर्चा नको. काम बंद, सावली, अंग गार करणं आणि दवाखाना, हा थेट आदेश हवा.

पैशाची अफरातफर, छळाची तक्रार, मारामारी यांनाही हे लागू नाही. तिथे चौकशीची नियमाप्रमाणे ठरलेली वाट आहे. आणि निर्णय आधीच झालेला असेल, तर विचारल्याचं नाटक करू नका. शिफ्टची वेळ बदलली आहे तर 'बदलली आहे' म्हणून सांगा, आणि ती सगळ्यांना कशी निभावेल एवढंच विचारा.

नुकताच आयटीआय करून आलेल्या मुलाला काय विचारायचं? त्याला काहीच येत नाही.

मग त्याला शिकवा. ज्याने व्हर्निअर (बारीक माप घेण्याचं साधन) नीट धरलेलं नाही, त्याला 'तुझ्या मते रीडिंग किती?' विचारून तो फक्त ओशाळतो. नेतृत्वाचे अभ्यासक पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड १९६९ पासून हेच मांडत आले की माणूस त्या विशिष्ट कामात किती तयार आहे, त्यावर शैली ठरते. 'त्या कामात' हे महत्त्वाचं. वीस वर्षांचा अनुभवी फिटरसुद्धा नव्या सीएनसीपुढे (संगणकावर चालणाऱ्या मशीनपुढे) नवखाच असतो, आणि नवखा अप्रेंटिस मोबाइलवरचं रिपोर्टिंग तुमच्याहून चांगलं करत असेल. आधी दाखवा, मग त्याच्याकडून करून घ्या, आणि हात बसला की प्रश्न सुरू करा.

माझ्या हाताखालचा फोरमन वडिलांच्या वयाचा आहे. मी त्याला काय कोचिंग करणार?

तरुण इंजिनिअर हा प्रश्न हळू आवाजात विचारतात. खरं तर ही शैली या नात्याला फार चांगली जुळते, कारण तिला कामाचं सगळं ज्ञान तुमच्याकडे असण्याची गरज नाही. त्या माणसाला मशीन आवाजावरून कळतं. तुम्हाला ड्रॉइंग, आकडे आणि वरच्या मीटिंगमधली माहिती आहे.

काही पथ्यं पाळावीत. 'तुम्ही' म्हणा, काकाजी, मामाजी, भाऊ, मिस्त्री, जे त्या शॉपमध्ये चालतं ते म्हणा. चारचौघांत परीक्षा घेतल्यासारखे प्रश्न नकोत. ज्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला माहीत आहे तो विचारूच नका, त्यांना ते लगेच कळतं आणि राग येतो. खरोखर माहीत नाही ते विचारा: 'काकाजी, हा गिअरबॉक्स मागच्या पावसाळ्यातही असाच गरम होत होता का? तेव्हा काय केलं होतं?' आणि त्यांच्या सांगण्यावरून काही बदललं, तर मॅनेजरसमोर त्यांचं नाव घेऊन सांगा. या एका गोष्टीने जे जमतं ते दहा बैठकांनी जमत नाही.

त्यांच्या सवयीतली एखादी गोष्ट बदलायचीच असेल, समजा गॉगल न घालणं, तर तो कोचिंगचा विषय नाही. आदराने, बाजूला घेऊन, स्पष्ट सांगा.

मी विचारतो, पण उत्तर येतं, 'साहेब, तुम्हीच सांगा ना.' आता?

याची कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकावर उपाय वेगळा आहे. कधी त्याला खरंच माहीत नसतं, मग सांगा. कधी तुमचा प्रश्न फार मोठा असतो. 'प्रॉडक्शन कसं वाढवायचं?' याला कोण काय उत्तर देणार? 'काल दुपारी लाइन कुठे थांबली होती?' विचारलं तर माणूस बोलतो.

पण बहुतेक वेळा कारण भीतीचं असतं. आधीच्या साहेबांनी विचारलं होतं, याने खरं सांगितलं होतं आणि त्याला मेमो मिळाला होता. संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषधं देताना होणाऱ्या चुका अभ्यासल्या. चांगल्या नेतृत्वाच्या विभागांत चुकांची नोंद कमी नव्हती, उलट जास्त होती, कारण तिथे लोक चूक लपवत नव्हते. आपल्याकडच्या शॉप फ्लोअरला हे तंतोतंत लागू पडतं. ज्या लाइनचं ब्रेकडाउन रजिस्टर फार स्वच्छ आहे, तिथे एकदा जाऊन उभं राहा.

भीती घालवण्यासाठी भाषण उपयोगाचं नाही. कोणीतरी वाईट बातमी आणेल तेव्हा तुमचा चेहरा, आवाज आणि पहिलं वाक्य काय आहे, याकडे सगळी लाइन बघत असते. 'बरं झालं लवकर सांगितलं. आत्ता काय करता येईल?' एवढंच म्हणा. आणि सबुरी ठेवा. वर्षानुवर्षं गप्प बसायला शिकलेला माणूस एका आठवड्यात बोलत नाही.

प्रश्न कसे विचारावेत?

'काहून केलं असं?' हा प्रश्न आपल्या तोंडात बसलेला आहे, आणि तो नेहमी झाडाझडतीसारखाच ऐकू येतो. समोरचा लगेच सफाई देतो. त्याऐवजी 'काय झालं?', 'कुठून सुरू झालं?', 'अजून काय करता आलं असतं?' असं विचारावं. एका वेळी एकच प्रश्न. ज्यात सल्ला लपलेला आहे असे प्रश्न टाळा. 'तुला नाही वाटत आधी क्वालिटीला विचारायला हवं होतं?' हा प्रश्न म्हणजे टोमणा आहे. आणि विचारल्यावर थांबा. तीन-चार सेकंदांची शांतता आपल्याला खूप मोठी वाटते, पण समोरचा त्याच वेळात विचार करत असतो.

ट्रेनिंग, मेंटॉरिंग, समुपदेशन आणि हे, फरक काय?

ट्रेनिंगमध्ये ठरलेलं कौशल्य शिकवतात. मेंटॉर स्वतःच्या अनुभवातून वाट दाखवतो आणि बहुधा तो तुमचा थेट साहेब नसतो. कोचिंग चालू कामावर आणि पुढच्या पावलावर राहतं. घरचं दुःख, दारू, झोप उडणं, खचून जाणं हे समुपदेशकाचं किंवा डॉक्टरांचं काम आहे. मॅनेजरने आपुलकीने ऐकावं आणि योग्य माणसापर्यंत पोचवावं, तिथे कोचगिरी करू नये.

मिहानमधल्या आमच्या टीमचे निम्मे लोक घरून काम करतात, क्लायंट अमेरिकेत. तिथे हे कसं जमेल?

उलट तुमच्याकडे एक सोय आहे: एकास-एक कॉल आधीच ठरलेला असतो. तो प्रोजेक्टच्या स्टेटसमध्ये खर्च होतो हीच अडचण. स्टेटस लिहून मागवा आणि कॉलमधला वेळ त्या माणसासाठी ठेवा. 'या आठवड्यात तू कुठे अडकलीस? माझ्याकडून काय हवं आहे? पुढच्या वेळी हे माझ्याशिवाय सुटावं यासाठी काय लागेल?' तंत्रज्ञानाच्या कंपन्यांत तांत्रिक हुशारी म्हणजेच नेतृत्व, असं मानण्याकडे कल असतो. गूगलने आपल्याच मॅनेजरांचा अभ्यास करून चांगल्या मॅनेजरची आठ लक्षणं काढली, त्यांत 'चांगला कोच असणं' सगळ्यांत वर आलं आणि तांत्रिक कौशल्य आठव्या जागी. पण तांत्रिक कौशल्यही यादीत आहे, म्हणजे ते लागतंच, हेही विसरू नका.

रात्री अकराला व्हॉट्सॲपवर मात्र कोचिंग करू नका. लिहिलेल्या प्रश्नात सूर कळत नाही आणि माणूस रात्रभर अर्थ लावत बसतो.

आमचं घरचं दुकान आहे. मुलाला आणि जुन्या दिवाणजींना एकत्र कसं सांभाळू?

घरच्या धंद्यात 'साहेब' आणि 'बाबा' एकाच खुर्चीत बसतात. मुलाशी धंद्याचं बोलणं दुकानातच करा, जेवणाच्या ताटावर नको. त्याला एक पूर्ण कोपरा द्या: एखादी कंपनी, एखादा माल, एखादा रूट. त्यातली खरेदी, भाव, वसुली त्याची. दिवाणजींना आधी विश्वासात घ्या, की या कोपऱ्यात तो चुकला तर नुकसान अमुक रकमेपर्यंत मला मान्य आहे. नाही तर तो बिचारा काहीही ठरवो, दिवाणजी मागून येऊन 'मालकांना विचारतो' म्हणतात आणि सगळं जिथल्या तिथे येतं.

सरकारी कार्यालयात किंवा बँकेत याला वाव आहे का?

निर्णयात कमी, कामाच्या पद्धतीत भरपूर. नियम बदलता येत नाहीत, सही कोणाची हेही ठरलेलं असतं. पण टिपणी कशी मांडायची, काउंटरवरची गर्दी कशी हाताळायची, प्रलंबित प्रकरणं कोणत्या क्रमाने घ्यायची, हे कनिष्ठ सहकाऱ्याला विचारता येतं. टिपणी लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवण्यापेक्षा, 'वरच्या साहेबांनी हे वाचून कोणता प्रश्न विचारला असता?' एवढं विचारा. पुढची टिपणी सुधारून येते. बदलीची नोकरी आहे म्हणून माणसं घडवायची नाहीत, हे मला पटत नाही. ती बदली होऊन जिथे जातात तिथे हे काम त्यांच्याबरोबर जातं.

माझे स्वतःचे साहेब फक्त हुकूम देतात. मी एकटा काय करणार?

तुमच्या पाच-दहा माणसांपुरतं सगळं करू शकता. वरून आलेला हुकूम जसाच्या तसा खाली ढकलू नका. 'शुक्रवारपर्यंत इतका माल गेलाच पाहिजे, यात बदल नाही. कसा काढायचा ते आपण ठरवू.' साहेबांशी बोलताना मात्र तुमचे पर्याय घेऊन जा आणि त्यातला तुमचा कोणता ते सांगा. हुकूम देणाऱ्या पुष्कळ साहेबांना तयार पर्याय घेऊन येणारा माणूस आवडतो.

यासाठी सर्टिफिकेट लागतं का? बाहेरचा कोच आणावा का?

मॅनेजर म्हणून नाही. व्यावसायिक कोच व्हायचं असेल तर गोष्ट वेगळी. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या तीन पायऱ्यांना अनुक्रमे १००, ५०० आणि २,५०० तासांच्या कोचिंगचा अनुभव लागतो. वरिष्ठ पदावरच्या माणसाला, ज्याला कंपनीत कोणाशी मोकळं बोलता येत नाही, त्याला बाहेरचा कोच उपयोगी पडतो. सुपरवायझरांसाठी मात्र मोठ्या हॉटेलातल्या एका दिवसाच्या कार्यक्रमापेक्षा, महिनाभर दर आठवड्याला अर्धा तास एकमेकांचे खरे प्रसंग मांडून बोलणं जास्त कामाचं आहे, असं माझं ठाम मत आहे.

फरक पडतोय हे कसं ओळखायचं?

सुट्टीच्या दिवशी येणारे फोन मोजा. 'आता काय करू?' असं विचारणारे किती आणि 'मी असं केलं, कळवतोय' म्हणणारे किती, ते बघा. तोच बिघाड पुन्हा येतो का ते रजिस्टरमध्ये पाहा. दर महिन्याला एक तरी निर्णय असा सांगता यायला हवा, जो आधी तुमचा होता आणि आता दुसऱ्याचा आहे. असा एकही नसेल, तर प्रश्न कितीही चांगले विचारत असाल, काम अजून तुमच्याच टेबलावर आहे.

मी एक-दोघांशी जास्त बोलायला लागलो की बाकीचे 'साहेबांचा खास' म्हणतात.

म्हणणारच, आणि त्यांचं अगदी चुकत नाही. आपण नकळत हुशार, बोलक्या, आपल्या बोलीत बोलणाऱ्या मुलांना जास्त प्रश्न विचारतो. लाइनवरची एकुलती एक बाई, छत्तीसगडहून आलेला कामगार, कंत्राटदाराचा हेल्पर यांच्या वाट्याला फक्त सूचना येतात. उपाय साधा आहे: वहीत नावं लिहा आणि दर आठवड्याला कोणाशी बोलणं झालं त्यावर खूण करा. ज्याच्या नावापुढे दोन आठवडे खूण नाही, सोमवारी आधी त्याच्याकडे जा. त्याला हिंदी सोयीची असेल तर हिंदीत बोला. कंत्राटी कामगाराला कामाचे आदेश त्याच्या कंत्राटदाराचा सुपरवायझर देतो, ती ओळ ओलांडू नका. पण 'इथे काम करताना तुला काय अडचण येते?' हे विचारायला कोणाची परवानगी लागत नाही.